सहा मिनिटांची सायकल

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते की, बऱ्याच वर्षांनी सायकल सुरू करणाऱ्याने पहिले काही दिवस दहा मिनिटांच्या वर जाऊ नये. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवावे लागले. निम्म्यांचं म्हणणं, "ताई, दहा मिनिटंसुद्धा जमत नाहीत." उरलेल्यांचं, "दहा मिनिटांनी काय होणार?" दोघांनाही उत्तर देते. मी डॉक्टर नाही. मोठ्या माणसांना पुन्हा सायकलवर बसवणं हे माझं काम, आणि त्याआधी मी स्वतः दुखऱ्या कमरेची, एक जिना चढला की कठडा धरून उभी राहणारी बाई होते. तेवढ्याच अधिकारावर लिहिते.

प्रश्न : वय ५३, वजन बरंच जास्त. दोन्ही गुडघ्यांत झीज आहे, पण डॉक्टरांनी सायकल चालवायला परवानगी दिली आहे. गेल्या दोन वर्षांत तीनदा सुरू केली. दर वेळी पहिले तीन-चार दिवस अर्धा-पाऊण तास मारतो. मग गुडघे धरतात, कंबर आखडते, आठ-दहा दिवस नुसता बसून काढतो आणि सायकल कोपऱ्यात जाते. घरचे म्हणतात, तुझ्यात चिकाटीच नाही. आता मलाही तसंच वाटायला लागलंय.

उत्तर : तुमच्यात चिकाटी जरुरीपेक्षा जास्त आहे, घोळ तिथेच आहे. कमी चिकाटीचा माणूस पहिल्या दिवशी सातव्या मिनिटाला कंटाळून घरी परतला असता, आणि आज कदाचित रोज चालवत असता.

तुमचं काय होतं ते सांगते. व्यायाम सुरू केला की दम लवकर सुधारतो. रक्तातल्या पाण्याचं प्रमाण पहिल्या काही दिवसांतच वाढायला लागतं, हृदयाचं काम थोडं हलकं होतं, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणसाला वाटतं, अरे वा, जमतंय की! स्नायूंना मात्र काही आठवडे लागतात, आणि स्नायू हाडाला बांधणाऱ्या कंडरांना काही महिने. म्हणजे चौथ्या दिवशी तुमची छाती म्हणते चला, आणि गुडघ्याची वाटी धरून ठेवणारी कंडरा अजून पहिल्या दिवशीच असते. तुम्ही छातीचं ऐकता.

त्यात दुखणं उशिरा पोचतं. गुडघ्याला जास्त झालं हे सायकलवर असताना फारसं कळत नाही. ते रात्री कुशीवर वळताना कळतं, नाहीतर सकाळी पहिली पायरी उतरताना. म्हणून "दुखलं की थांबेन" हा बेत तुमच्या कामाचा नाही. दुखेपर्यंत उशीर झालेला असतो. कधी उतरायचं ते चढण्याआधी ठरवायचं, आणि ते घड्याळाकडून.

आता माप काढू. तीन वेगवेगळ्या दिवशी, मध्ये एकेक दिवस सोडून, सपाट रस्त्यावर आरामात चालवा आणि गुडघा किंवा कंबर पहिल्यांदा कुरकुरली की वेळ बघून उतरा. नुसती कुरकुर, कळ नव्हे. समजा एकदा दहा मिनिटं, एकदा चौदा, एकदा बारा निघाली. सरासरी बारा, तिचे निम्मे सहा. तुमचं माप सहा मिनिटं. माझं स्वतःचं पाच निघालं होतं. पाच मिनिटांसाठी हवा भरायची, बूट घालायचे, हेल्मेट चढवायचं, याची मला इतकी लाज वाटली की पहिले दोन दिवस मी अंधार पडल्यावर निघाले. असलं करू नका, आणि केलंत तर दिवा लावा.

तिसऱ्या मिनिटाचा गजर लावा. गजर झाला की जिथे असाल तिथून माघारी. "त्या झाडापर्यंत जातो आणि वळतो" हे चालणार नाही. झाडानंतर पूल येतो, पुलानंतर उतार लागतो, आणि उताराचा परतीला चढ होतो. वारा असेल तर जाताना तोंडावर घ्या, म्हणजे येताना पाठीवर मिळेल. उलटं केलंत तर जाताना आपण फार दणकट झालोय असं वाटतं आणि परत येताना रडू येतं. हे मी दोनदा केलंय.

एक दिवस चालवायची, एक दिवस सोडायची. पहिले दोन आठवडे सहाची सात करायची नाहीत, कितीही छान वाटलं तरी. छान वाटतंय तेव्हाच उतरायचं आहे, आणि तुमच्यासारख्या माणसाला सगळ्यात अवघड तेच जाईल. त्यानंतर आठवड्याला एक मिनिट वाढवा, फार तर दीड. या हिशेबाने तीन महिन्यांनी तुम्ही सतरा ते बावीस मिनिटांच्या आसपास असाल. हसू आलं असेल. पण तुमच्या आधीच्या तिन्ही प्रयत्नांत तीन महिन्यांनी तुम्ही शून्यावर होतात.

दुखण्याला शून्य ते दहा गुण देऊन वहीत लिहायची सवय लावा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे असह्य. सायकलवर असताना तीनपर्यंत गेलं तर घाबरू नका. झिजलेला गुडघा थोडा बोलणारच, आणि प्रत्येक कुरकुर म्हणजे इजा नव्हे. खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी. सकाळचा गुडघा रोजच्यासारखा असेल तर माप बरोबर. जास्त दुखत असेल तर पुढच्या खेपेला एक पायरी खाली, आठाचे सात किंवा सहा. थेट शून्यावर जायचं नाही. तुमचे ते आठ-दहा दिवस नुसतं बसून राहणं गुडघ्याला त्या पाऊण तासापेक्षा महाग पडलं असावं, कारण तेवढ्या दिवसांत जे थोडंफार कमावलं होतं तेही गेलं. गुडघा खरोखर सुजला, गरम लागला, मध्येच अडकला किंवा वजन घेईना, तर मात्र वही मिटा आणि डॉक्टरांकडे जा.

झिजलेल्या गुडघ्यांना सायकल का मानवते, तेही सांगते. कृत्रिम सांध्यात मोजमापाची यंत्रं बसवून पाहिलं आहे. सपाटीवर चालताना गुडघ्यावर साधारण शरीराच्या वजनाच्या अडीचपट भार येतो. हलक्या जोराने सायकल चालवताना तो वजनाइतकाच किंवा थोडा जास्त असतो, कारण धड सीटवर टेकलेलं असतं. वजन जास्त असलेल्यांना हा फरक फार मोलाचा आहे. पण अट "हलक्या जोराने" ही. जड गिअर टाकून मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्या रेटल्या काय आणि हलका गिअर टाकून पंचाहत्तर फिरवल्या काय, वेग तोच राहू शकतो. दुसऱ्या प्रकारात मात्र प्रत्येक फेरीचा जोर चाळीस टक्क्यांनी कमी लागतो. मोजायचं असं : पंधरा सेकंद फक्त उजव्या गुडघ्याकडे लक्ष ठेवा, किती वेळा वर आला ते मोजा. अठरा-वीस वेळा आला तर ठीक. दहा-बाराच वेळा आला तर तुम्ही गुडघ्यांवर ओझी वाहताय, गिअर उतरवा. सुरुवातीला पाय उगाच भिरभिरतायत असं वाटेल, दोन आठवड्यांत सवय होते.

आणि हळू चालवा. तासाला पंधरा किलोमीटरवरून वीसवर गेलात की हवेचा विरोध पावणेदोन पट होतो, आणि त्याच्याशी झगडायला लागणारी ताकद सव्वादोन पटीहून जास्त. कमी दमाच्या माणसाला पाच किलोमीटरचा तो वेग भलताच महाग पडतो. मागून शाळकरी पोरं घंटी वाजवत पुढे जातील. जाऊ द्या.

प्रश्न : दोन महिने व्यवस्थित चालवत होते. आता गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या खाली दुखतं. वेळ वाढवलेली नाही. मग दुखणं आलं कुठून?

उत्तर : आधी सीट बघा. गुडघ्याची पुढची बाजू दुखली तर बहुधा सीट खाली असते, मागची बाजू दुखली तर बहुधा वर. अपवाद आहेत, पण पाना हातात घ्यायला एवढं पुरे.

माझीच फजिती सांगते. मी चार महिन्यांत बावीस मिनिटांपर्यंत पोचले होते आणि अचानक उजव्या वाटीखाली ठणका सुरू झाला. वय झालं, असं मी ठरवून टाकलं. पन्नाशीच्या जवळ आलेल्या बाईला हे निदान फार पटकन सुचतं आणि आजूबाजूचेही लगेच मान डोलावतात. मिनिटं कमी केली, तरी दुखे. शेवटी तीन आठवडे सायकल बंद. एका रविवारी ती निदान पुसावी म्हणून बाहेर काढली. सीटच्या दांडीवर उंचीची खूण म्हणून मी काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, ती कुठे दिसेना. वाकून पाहिलं तर पट्टी नळीच्या तोंडाशी चुरगळून आत गेलेली, वर नुसती एक काळी सुरकुती. दांडी आवळणारा बोल्ट ढिला झाला होता. रस्त्यावरच्या प्रत्येक धक्क्याला सीट केसभर खाली जात होती, अशी ती अंगठ्याच्या रुंदीइतकी खाली आली होती. मला कळलंच नाही. उलट पाय जमिनीला छान टेकतात म्हणून मी खूश होते! बोल्ट आवळला, सीट खुणेवर आणली, पुन्हा दहा मिनिटांपासून सुरुवात केली. पंधरा दिवसांत वाटी गप्प.

उंची ठरवायची सोपी रीत : भिंतीचा आधार घेऊन सीटवर बसा, एक पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे, कंबर त्या बाजूला न कलता. मग चालवताना पायडलवर टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्यात आपोआप थोडा वाक राहतो, साधारण पंचवीस ते पस्तीस अंशांचा. आकडेमोड आवडणाऱ्यांसाठी १९६७ पासून चालत आलेलं एक सूत्र आहे : पायाच्या आतल्या लांबीच्या १०९ टक्के, खालच्या पायडलपासून सीटच्या माथ्यापर्यंत. पण ते जोर काढायच्या हिशेबाने निघालेलं आहे. दुखऱ्या गुडघ्यासाठी मी टाचेवरच विश्वास ठेवते. दांडी वर ओढताना तिच्यावर कोरलेली मर्यादेची रेघ नळीच्या बाहेर येऊ देऊ नका, दांडी तिथे मोडू शकते. बदल एका वेळी अर्ध्या सेंटिमीटरचा, आणि तीन-चार फेऱ्या झाल्याशिवाय पुढचा नाही. एकाच दिवशी सीट, हँडल आणि गिअर तिन्ही बदलणाऱ्याला कशाने बरं वाटलं हे कधीच कळत नाही.

अशा उंचीच्या सीटवरून दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकणार नाहीत, याची भीती वाटते. थांबताना सीटवरून पुढे उतरायचं आणि एक पाय टेकायचा, हे आधी मोकळ्या जागेत दहा-वीस वेळा करून बघा. भीती फारच असेल तर पहिले काही दिवस सीट थोडी खाली ठेवून चालवा, पण मग गिअर अगदी हलका हवा.

प्रश्न : बैठक इतकी दुखते की दुसऱ्या दिवशी खुर्चीवरही बसवत नाही. मऊ, रुंद, जेलची सीट बसवून घेतली, तरी फरक नाही. उलट मध्ये बधिर होतं.

उत्तर : तुमच्या पत्रात दोन वेगळी दुखणी आहेत. बसल्यावर टोचणाऱ्या ज्या दोन हाडांवर आपला भार असतो, त्यांच्यावरच्या मांसाला दाबाची सवय नसते. ते दुखणं एक-दोन आठवड्यांत पुष्कळ कमी होतं, अट एवढीच की फेऱ्या छोट्या पण नियमित हव्यात. पंधरा दिवसांतून एकदा तासभर बसणाऱ्याची बैठक कायम नवीच राहते.

बधिरपणा मात्र सहन करायचा नाही. मऊ सीटमध्ये ती दोन हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन तिथल्या नसा-रक्तवाहिन्या दाबतो. म्हणून हाताला मऊ लागणारी सीट बुडाखाली बरी असेलच असं नाही. सीट आधी अगदी आडवी आहे का बघा. वर पाण्याची बाटली आडवी ठेवून पाहा, पुढे किंवा मागे घरंगळली की उतार कळला. सीटचं नाक, म्हणजे पुढचं टोक, वर असेल तर समपातळीत आणा. घट्टसर, मधे खाच असलेली, तुमच्या हाडांच्या रुंदीची सीट बसून बघून निवडा. दर चार-पाच मिनिटांनी पायडलवर उभं राहून दहा-बारा सेकंद बूड उचला. सायकलची गादीवाली चड्डी घेतलीत तर तिच्या आत दुसरं काही घालायचं नाही, शिवणी काचतात. एवढं करूनही बधिरपणा गेला नाही तर डॉक्टरांना दाखवा. आणि सायकलवरून उतरल्यावरही ती जागा बधिर राहतेय, सोबत कंबर दुखतेय, पायातली ताकद गेल्यासारखी वाटतेय किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटतोय, असं कधी झालं तर त्याच दिवशी, जमलं तर तासाभरातच, दवाखाना गाठा. तो सीटचा प्रश्न नसतो, मणक्याचा असू शकतो.

टायरमधली हवाही बघा. कमी असेल तर सायकल जड जाते, दगडासारखी घट्ट भरली तर प्रत्येक खड्डा पाठीत येतो. किती भरायची ते टायरच्या कडेवर छापलेलं असतं. हलक्या माणसाने त्या पल्ल्याच्या खालच्या बाजूला राहावं, वजनदाराने वरच्या. हवेचा टायर आला तोच या त्रासापायी. १८६० च्या दशकातल्या लोखंडी धावेच्या सायकलला इंग्रजीत चक्क "हाडं खिळखिळी करणारी" म्हणत. मग १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवेच्या टायरचं पेटंट घेतलं. ते गुरांचे डॉक्टर होते, आणि त्यांनी तो टायर केला होता आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी.

प्रश्न : पंधरा मिनिटांनी करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. हृदयाचं काही असेल का?

उत्तर : दोन्ही हातांना, फक्त सायकलवर, आणि हात झटकले की जात असतील, तर बहुधा तळव्याच्या कडेला हँडल टोचून तिथली नस दाबली जातेय. सगळं वजन हातांवर टाकून, कोपर ताठ करून बसता का? कोपर किंचित वाकवा, हँडल थोडं उंच आणि जवळ घ्या, सीटचं नाक खाली झुकलेलं नाही ना बघा, आणि मूठ सैल सोडा. नवशिका माणूस हँडल असं आवळतो जणू ते पळून जाणार आहे. मुंग्या उतरल्यावरही टिकल्या तर दाखवून घ्या. छातीत दाब, जबडा किंवा डावा खांदा भरून येणं, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप यांपैकी काहीही असेल तर मुंग्यांचा विचार सोडा. जागीच थांबा आणि मदत मागवा.

प्रश्न : रक्तदाबासाठी गोळी चालू आहे. मनगटावरचं घड्याळ सांगतं की माझे ठोके व्यायामाच्या पल्ल्यात जातच नाहीत, मी मात्र घामाघूम. जोर वाढवू का?

उत्तर : नको. रक्तदाबाच्या काही गोळ्या, विशेषतः बीटा ब्लॉकर, ठोके फारसे वाढू देत नाहीत, ते त्यांचं कामच आहे. तुमची गोळी त्या जातीची आहे का, हे डॉक्टरांना विचारा. घड्याळाला ते माहीत नसतं. शिवाय २२० वजा वय या ज्या सूत्रावर ते पल्ले बेतलेले असतात, ते निरोगी माणसालासुद्धा मिनिटाला दहा-बारा ठोक्यांनी सहज चुकतो. तुम्ही बोलून बघा. पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, म्हणजे जोर मध्यम आणि बरोबर. दोन-दोन शब्दांवर दम लागतोय, तर कमी करा. एकटे असाल तर मनातल्या मनात नको, मोठ्याने बोला. लोक बघतात, पण सायकल पुढे गेलेली असते.

प्रश्न : माझ्या चौतीस वर्षांच्या बहिणीला एका तापानंतर दीड वर्ष सतत थकवा आहे. थोडं काम केलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आडवी होते. हळूहळू सायकल सुरू केली तर ताकद येईल असं मला वाटतं. तिला कसं तयार करू?

उत्तर : तयार करू नका. या सदरात बाकी सगळ्यांना जे सांगतेय ते तुमच्या बहिणीला लागू नाही, म्हणून हे पत्र वेगळं काढलं.

थोड्या श्रमानंतर एक-दोन दिवसांनी कोसळणं आणि ते विश्रांतीनेही लवकर न भरून येणं, ही साधी अशक्तता नसू शकते. चिवट थकव्याच्या एमई-सीएफएस नावाच्या आजाराची ती ठळक खूण आहे, आणि काही विषाणूजन्य तापांनंतर तसं होतं. त्या आजारात ठरावीक प्रमाणात व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार पूर्वी सांगितला जाई. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२१ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं बदलली आणि तो उपचार देऊ नये असं स्पष्ट म्हटलं. तिथे वाढवण्यापेक्षा आहे त्या शक्तीच्या आत राहणं महत्त्वाचं असतं. आधी तिचं निदान होऊ द्या, हा आजार जाणणाऱ्या डॉक्टरांकडून. तोवर, कोणत्या कामानंतर ती कोसळते आणि किती तासांनी, एवढं तुम्ही लिहून ठेवा. तिला स्वतःला लिहायचे श्रम नकोत.

प्रश्न : तुमची ती दहा मिनिटं वाचून करमणूक झाली. घाम निघाल्याशिवाय आणि दुखल्याशिवाय अंगी काही लागत नाही. लोकांना लाडावून ठेवताय. (वय ६१, रोज चाळीस किलोमीटर)

उत्तर : चाळीस किलोमीटरबद्दल मनापासून नमस्कार. तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. स्नायूला नेहमीपेक्षा थोडं जास्त काम दिल्याशिवाय तो बळकट होत नाही, आणि नव्या कामानंतर चोवीस ते बहात्तर तास मांड्या भरून येणं यात काळजीचं काही नाही. पण मांडी दुखणं आणि सांधा दुखणं एका तराजूत घालू नका. मांडी दोन दिवसांत मोकळी होते. गुडघ्याच्या वाटीखालचा ठणका दामटून चालवल्याने मोकळा होत नाही, बहुतेकदा वाढतो.

दहा मिनिटांनी काय होणार, तेही सांगते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. २०१० च्या त्यांच्या शिफारशीत सलग दहा मिनिटांपेक्षा छोटा तुकडा धरायचा नाही असं होतं. २०२० मध्ये त्यांनी ती अट काढून टाकली. तेव्हा आमची सहा मिनिटं आता हिशेबात धरतात. आमचा एखादा वाचक रस्त्यात भेटला तर घंटी वाजवा, पण "जरा जोर लावा की" म्हणू नका. तो लावेल, आणि पुढचे दहा दिवस दिसणार नाही.

प्रश्न : बॅटरीची सायकल घेतली तर ती फसवणूक होईल का?

उत्तर : कोणाची? पायडल मारावं लागत असेल तर पाय चालतायत. चढाला मदत घ्या, सपाटीला कमी करा.

प्रश्न : कंबरेचं जुनं दुखणं. सात मिनिटांपासून सुरू करून सहा महिन्यांत पंचवीसवर आले. पण गेले दोन महिने तिथेच अडकलेय. सव्वीस-सत्तावीस केली की दुसऱ्या सकाळी कंबर धरते, पंचवीसला काही होत नाही. कुठे चुकतंय?

उत्तर : पत्रावरून तरी कुठेच नाही. मी बावीस मिनिटांवर अकरा आठवडे होते. वहीत त्या अकरा आठवड्यांची पानं एकसारखी आहेत : २२, कंबर २, सकाळ ठीक. २२, कंबर १, सकाळ ठीक. एका ठिकाणी "२४ केली, मूर्खपणा" असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय.

पुढे जायचंच असेल तर मिनिटं वाढवू नका, तोडा. पंधरा मिनिटं चालवा, उतरा, पाच मिनिटं सायकल हातात धरून चाला, पाठ मागे वाकवून सरळ करा, मग पुन्हा पंधरा. कंबरेला बहुतेकदा एकूण श्रमांपेक्षा एकाच स्थितीत फार वेळ वाकून राहणं जाचतं. हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर घेऊन पाहा. सायकल नसलेल्या दिवशी पाठीचे आणि पोटाचे साधे व्यायाम, फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घेऊन, आठवड्यातून दोनदा करा. मला बावीसवरून हलवलं ते याच व्यायामांनी, सायकलने नव्हे.

पण पत्रात तुमची एक गोष्ट लिहायची राहून गेलीय. पंचवीस मिनिटांत तुम्ही कुठवर पोचता? कामाची जागा, बहिणीचं घर, वाचनालय, नदी, काहीतरी त्या टापूत येत असेलच. जाताना पंचवीस, तिथे तासभर थांबून येताना पंचवीस, असं आधी एकदा करून बघा, आणि दुसऱ्या सकाळी कंबर काय म्हणाली ते कळवा.